अकरा भांड्यांची जप्ती

ओसरीवर भांडी अशी ओळीने मांडली होती की क्षणभर मला वाटलं, घरात लग्न आहे. चार मोठी पातेली, दोन पराती, दोन हंडे, एक घंगाळ, एक कढई, एक तपेलं. सगळं पितळ. चिंच लावून इतकं लख्ख घासलं होतं की उन्हाची तिरीप डोळ्यात जात होती. प्रत्येक भांड्यावरचं नाव दाराकडे केलेलं.

हौसाबाई गायखे खांबाला टेकून उभ्या होत्या. चाळिशीच्या, उंच, पदर खोचलेला.

"या बेलिफसाहेब," त्या म्हणाल्या. "सकाळपासून वाट बघतेय."

जप्तीला आलेल्या माणसाची कोणी वाट बघत नाही. लोक दार लावून घेतात, मागच्या बाजूने म्हैस हाकलतात, म्हातारीला नेमका त्याच वेळी ताप चढतो. तीन महिन्यांच्या नोकरीत मी एवढं शिकलो होतो. ही अठ्ठ्याहत्तर सालची गोष्ट. मी चोवीस वर्षांचा, तालुक्याच्या कोर्टात हंगामी बेलिफ. अंगात खाकी कोट, काखेत कागदांची पिशवी, आणि डोक्यात हवा अशी की बघायलाच नको. कोर्टाचा हुकूम म्हणजे मीच, असं मला वाटायचं.

माझ्याबरोबर लाकडाच्या वखारीचे दिवाणजी पेठकर होते आणि शेजारच्या आळीतले दोन पंच. भानगड साधी होती. हौसाबाईंचा नवरा रंगनाथ गायखे मांडवाचा धंदा करायचा. वखारीतून बांबू, फळ्या उधारीवर उचलल्या, आणि एक दिवस कुठेतरी निघून गेला. वखारीने दावा केला, हुकूमनामा मिळवला. आता रंगनाथच्या घरातलं जे काय विकण्याजोगं असेल ते मी जप्त करायचं होतं.

"भांडी माझी आहेत," हौसाबाई म्हणाल्या. "लग्नाकार्याला भाड्याने देते, स्वयंपाकही करते. नावं वाचून घ्या."

सगळ्यांवर एकच नाव होतं. हौसाबाई. फक्त तेवढंच, पुढे नवऱ्याचं नाव नाही की आडनाव नाही.

पेठकर हसले. "नावाचं काय घेऊन बसलात बाई. नाव काय, काल घालून आणता येतं."

"मग बघा की ताजं आहे का."

पेठकरांनी परात उचलली, डोळ्याजवळ नेली, पुन्हा खाली ठेवली. त्यांना सागवान कुठलं आणि शिवण कुठलं ते वासावरून कळायचं, पण पितळातलं ओ की ठो कळत नव्हतं. ते माझ्याकडे बघायला लागले.

मला कळत होतं. मी तांबट आळीत वाढलेला. माझे वडील, अण्णा वडके, भांड्यांवर नावं घालायचे. छिन्नीच्या टोकाने टिंबाला टिंब जोडून अक्षर काढायचं, हा त्यांचा चाळीस वर्षांचा धंदा. जुनं नाव रोजच्या घासण्याने झिजतं, बोट फिरवलं तर नुसता खडबडीतपणा लागतो. नव्या टिंबाची कड मात्र नखाला अडकते.

मी पातेल्यावर नख फिरवलं. अडकलं. दुसऱ्यावर फिरवलं, तिथेही अडकलं. काजळी आणि तेल चोळून अक्षरं काळी केली होती. काम हुशारीचं होतं. आणि नाव संपलं तिथे पाच टिंबांचं एक बारीक फूल होतं.

आळीत नावं घालणारे पाचजण होते, पण नाव संपल्यावर फूल काढणारा एकच. अण्णांचा हात तिथे थांबायचाच नाही. चोरीछुपे करायचं काम, तरी माणसाने सवयीने अकरा भांड्यांवर अकरा फुलं काढून ठेवली होती.

"काय साहेब?" पेठकर म्हणाले. "ताजं आहे ना?"

"कोर्टात जाऊन नाझरसाहेबांना एक गोष्ट विचारून येतो," मी म्हटलं. "कोणी भांड्यांना हात लावायचा नाही."

"अहो, पण हातगाडी बोलावलीय मी."

"थांबू द्या हातगाडी."

सायकल अशी हाणली की चेन दोनदा उतरली. दुसऱ्यांदा चेन बसवताना हाताला वंगण लागलं ते कोटाला पुसलं, आणि मग कोटाकडे बघून स्वतःलाच दोन शिव्या हासडल्या. अण्णांचा संताप येत होता, बाईचा येत होता, आणि अजून एक गोष्ट मनात डोकं वर काढत होती, तिच्याकडे मी बघायचं टाळत होतो.

अण्णा दुकानात मांडी घालून एका तांब्यावर नाव घालत होते.

"गायख्यांकडची नावं तुम्ही घातलीत?"

"घातली." त्यांची हातोडी थांबली नाही.

"कधी?"

"मंगळवारी. तिच्या ओसरीवर बसून. पाठ भरून आली."

"आज तिथे जप्ती आहे, हे तुम्हाला कोणी सांगितलं?"

अण्णांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. "तूच की. सोमवारी, जेवताना."

हीच ती गोष्ट. सोमवारी पिठल्याचा घास तोंडात घेऊन मीच फुशारकी मारली होती, की शुक्रवारी गायख्यांकडे जप्ती आहे, पितळाचा मोठा ऐवज आहे, नाझरसाहेबांनी मुद्दाम मलाच पाठवायचं ठरवलंय. कोर्टाचा हुकूम बजावण्याआधी बाहेर फोडायचा नसतो. मी तो जेवणाच्या ताटावर फोडला होता, आणि अण्णांनी तो तिला नेऊन सांगितला होता.

"अण्णा, माझी नोकरी जाईल. हंगामी आहे मी. एका ओळीत घरी पाठवतील."

"ते माझ्या ध्यानात आलं नाही," अण्णा म्हणाले. खरंच आलं नसावं. त्यांचा चेहरा उतरला. "मला एवढंच वाटलं की भांडी तिची आहेत."

"तुम्हाला काय माहीत?"

"मला नाही तर कोणाला? बारा वर्षांत एकेक घेतलंय तिने. लोकांच्या लग्नात पोळ्या लाटून. भांडं घेतलं की इथे घेऊन यायची नाव घालायला, आणि दरवेळी नवरा बरोबर. तो म्हणायचा, माझं नाव घाला. ती म्हणायची, राहू द्या कोरं. दोघांचं जमायचं नाही, भांडं कोरंच परत जायचं. हे अकरा वेळा झालंय, मधू. मी इथेच बसलेला होतो."

"हे कोर्टात सांगाल?"

"बोलावलं तर सांगेन. न बोलावता मी जाणार नाही."

"आणि ते विचारतील की जप्तीची बातमी कुठून लागली."

"विचारतील तर तेही सांगेन. खोटं कशाला बोलू?"

"मग मंगळवारी काय केलंत? ते खरं होतं का?"

"नाव खरंच आहे. उशिरा घातलं एवढंच."

अशा माणसाशी भांडणार तरी कसं? मी सायकल उचलली आणि कोर्टात गेलो.

आमचे नाझर इनामदारसाहेब सगळ्या बेलिफांचे वरिष्ठ. म्हातारे होत आलेले, उर्दू-फारसी शिकलेले, जुन्या दप्तरातले मोडी कागदही वाचायचे. डबा उघडून बसले होते. मी बापाचं नाव न घेता विचारलं, की नवऱ्यावर हुकूमनामा आहे आणि भांड्यांवर बायकोचं नाव आहे, तर काय करायचं.

"काय करायचं म्हणजे? जप्त करायचं. बाई म्हणते माझं, तर ते लिहून घ्यायचं. ती हरकत घेईल, जज्जसाहेब ठरवतील."

"पण तिचीच असली तर आपण कशी घ्यायची?"

"आपण घेत नाही, वडके." त्यांनी भाकरीचा तुकडा खाली ठेवला. "सगळे इथेच चुकतात. जप्त हा शब्द अरबी आहे. तिथून फारसीत आला, दरबारात रुळला, मग आपल्याकडे आला. मूळ अर्थ हिसकावणं नव्हे. घट्ट धरणं, आवरून धरणं. उर्दूत माणसाला रडू फुटत असतं आणि तो ते गिळून उभा राहतो, त्यालाही हाच शब्द आहे. बादशाही गेली, साहेब लोक गेले, शब्द राहिला. वस्तू कोणाची ते ठरेपर्यंत कोर्टाने ती धरून ठेवायची, बस. धरणारा मालक नसतो."

"आणि नाव ताजं असेल तर?"

त्यांनी माझ्या कोटावरच्या वंगणाकडे पाहिलं, मग माझ्या तोंडाकडे.

"तुझं कोणी आहे का त्यात?"

"नाही साहेब."

"असेल तर आत्ता सांग. वॉरंट परत घेतो, दुसरा बेलिफ जाईल. त्यात कमीपणा नाही. आणि नसेल तर जे दिसतंय ते सगळं लिही. अर्धं लिहू नकोस."

"नाही साहेब, कोणी नाही," मी म्हटलं.

परत जाताना उतारावरही मी पायडल मारत होतो. डोक्यात तीन वाटा होत्या. काहीच लिहिलं नाही तर पेठकर दुसऱ्या नावं घालणाऱ्याला बोलावून आणणार, तो फूल बघून हसणार, आणि अण्णांसकट मी उघडा. सगळं लिहिलं तर मी आत्ताच उघडा. तिसरी वाट मला शेवटच्या वळणावर सापडली. नावं ताजी आहेत हे मीच लिहायचं. ज्याने स्वतःच्या हाताने लिहिलं, त्याच्यावर संशय कोण घेणार? आणि ते खोटंही नव्हतं. त्या वेळी मला स्वतःच्या हुशारीचं कौतुकसुद्धा वाटलं. आज हे सांगताना जीभ जड होते, पण वाटलं होतं.

ओसरीवर बसून मी पंचनामा लिहिला. अकरा भांडी, वजनासकट. मग लिहिलं, की भांड्यांवर हौसाबाई असे नाव असून अक्षरे अगदी अलीकडे घातलेली दिसतात. पेठकर मागून वाचत होते. त्यांनी मांडीवर थाप मारली.

"काय लिहिलंत ते वाचून दाखवा," हौसाबाई म्हणाल्या.

मी वाचून दाखवलं.

"बरोबर आहे," त्या म्हणाल्या. "ताजीच आहेत. पण भांडी माझी आहेत, तेही लिहा."

"बाईंचे म्हणणे," अशी सुरुवात करून मी ते लिहिलं. नावं कोणी घातली हे मी त्यांना विचारलं नाही. पेठकरांनी विचारलं. त्या म्हणाल्या, "आळीत घालून घेतली." माझ्याकडे त्यांनी पाहिलंही नाही. मी कोणाचा मुलगा हे त्यांना ठाऊक होतं की नव्हतं, तेव्हा कळायला मार्ग नव्हता.

भांडी हातगाडीवर चढवताना पराती एकमेकींवर आपटल्या. "हळू," हौसाबाई म्हणाल्या. "गुरुवारचं लग्न घेतलंय मी." मग त्यांच्याच लक्षात आलं असावं. त्या आत गेल्या आणि पुन्हा बाहेर आल्या नाहीत.

भांडी कोर्टाच्या मालखान्यात गेली. हौसाबाईंनी हरकत घेतली. सुनावणी दीड महिन्याने लागली. त्या दीड महिन्यात मला धड जेवण गेलं नाही. सकाळी सायकल काढायचो आणि उगाच गावाबाहेरच्या नाक्यापर्यंत जाऊन परत यायचो. मालखान्यावरून जाताना दुसऱ्या बाजूला बघायचो. आईला वाटलं कावीळ झाली, तिने कसलासा पाला आणून वाटून दिला, तोही प्यालो. अण्णांशी बोलणं तुटक झालं होतं. आदल्या दिवशी मात्र मी त्यांना म्हटलं, "उद्या कोर्टाकडे फिरकू नका."

"मला कुठे समन्स आलंय," अण्णा म्हणाले आणि पुन्हा हातोडी चालू केली.

सुनावणीच्या दिवशी पुकारा करणारा शिपाई रजेवर होता. त्यामुळे दाराशी मलाच उभं केलं. हौसाबाईंचं नाव मीच पुकारलं. त्या माझ्या अंगावरून आत गेल्या. धुवट नऊवारी, कपाळावर ठसठशीत कुंकू. नवरा असून नसल्यासारखा, तरी कुंकू मोठं.

वखारीच्या वकिलांनी पंचनामा वाचला. मग विचारलं, "बाई, ही नावं जप्तीच्या आधी किती दिवस घातली?"

"तीन दिवस."

कोर्टात कुजबुज झाली. न्यायाधीशांनी मान वर केली. "भांडी तुमची आहेत याचा काही पुरावा आहे? पावती?"

"पावती कोण देतं साहेब? ज्याच्याकडून घेतली तो तांबट वारला."

"घेताना कोणी बघितलं होतं?"

मला अण्णांचं बोलणं आठवत होतं. अकरा वेळा झालंय, मी इथेच बसलेला होतो.

न्यायाधीश चांगले होते. त्यांनी घाई केली नाही. "हे बघा बाई, भांडी खरंच तुमची असतील तर मला ती नवऱ्याच्या कर्जापायी द्यायची नाहीत. पण मला काहीतरी आधार द्या. नाव घालणारा माणूस तुमच्या ओळखीचा असेल. तुम्ही ही भांडी आधीही त्याच्याकडे नेली असतील. तो येऊन सांगेल का? मी आत्ता समन्स काढतो. कोणी घातली नावं?"

हौसाबाईंनी साक्षीच्या पिंजऱ्याचा कठडा दोन्ही हातांनी धरला होता. त्यांनी दाराकडे पाहिलं. सरळ माझ्याकडे. तेव्हा मला कळलं की मी कोणाचा मुलगा आहे हे त्यांना पहिल्या दिवसापासून माहीत होतं.

मी चार पावलांवर होतो. एक शब्द बोलायचा होता. साहेब, माझे वडील. मी एका हाताने दाराची कडी धरून उभा होतो.

"आठवत नाही साहेब," हौसाबाई म्हणाल्या.

"नीट आठवा. तुमच्या भल्यासाठी विचारतोय."

"नाही आठवत."

हरकत फेटाळली गेली. भांडी लिलावात जाणार हे ठरलं. त्या पिंजऱ्यातून उतरल्या, साहेबांना नमस्कार केला आणि पदर सावरत माझ्या अंगावरूनच बाहेर गेल्या.

संध्याकाळी माझे पाय आपोआप त्यांच्या घराकडे वळले. ओसरी मोकळी होती. त्या कोपऱ्यात तांदूळ निवडत बसल्या होत्या.

"ये," त्या म्हणाल्या. या वेळी बेलिफसाहेब नव्हतं. "बस. चहा टाकते."

"चहा नको. तुम्ही नाव का नाही सांगितलंत?"

"कोणाचं?"

"अण्णांचं. ते आले असते. सगळं खरं सांगितलं असतं त्यांनी. भांडी सुटली असती."

"सुटली असती."

"मग? माझ्या नोकरीसाठी गप्प बसलात?"

त्यांनी सूप खाली ठेवलं आणि माझ्याकडे बघितलं. रागाने नाही. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं.

"तुझ्यासाठी? तू माझा कोण लागतोस रे? तुझ्या बापासाठी बसले. मंगळवारी दिवसभर उन्हात बसला तो इथे, पैसे घेतले नाहीत. त्याला बोलावलं असतं तर तो तिथे उभा राहून म्हणाला असता, की बातमी माझ्या पोरानं फोडली. बोलला असताच. खोटं बोलायचं त्याच्या अंगात नाही. पोराची नोकरी स्वतःच्या तोंडानं घालवून तो घरी गेला असता, आणि मग त्या घरात कसा जेवला असता? भांडी काय, मी अजून पोळ्या लाटू शकते."

मला रडू फुटेल असं वाटलं. मी घाईघाईने म्हटलं, "मी सांगतो. उद्या सकाळी साहेबांना सगळं सांगतो. अजून लिलाव झालेला नाही. नोकरी गेली तर जाऊ दे."

"सांगशील?"

"सांगतो. शपथेवर सांगतो."

"आज काय झालं होतं?" त्या म्हणाल्या. "तिथेच तर उभा होतास."

त्यांनी सूप पुन्हा मांडीवर घेतलं. थोड्या वेळाने मी उठलो, त्यांनी अडवलं नाही.

दुसऱ्या दिवशी मी साडेदहाच्या आधीच कोर्टात गेलो. रात्रभर वाक्यं जुळवली होती, वाटेत सायकलवर ती मोठ्याने म्हणूनही बघितली होती. न्यायाधीशसाहेब आले. मी त्यांच्या दालनाचं दार उघडून धरलं आणि ते आत गेल्यावरही तिथेच उभा राहिलो. त्यांनी टोपी खुंटीला लावली, खुर्ची ओढली, आणि मी अजून दारातच आहे हे बघून विचारलं, "काय वडके, काही काम आहे?"

"नाही साहेब," मी म्हटलं.